पाच म्हटलं की थांबायचं

६ जानेवारी, बुधवार

वॉर्डात असो की घरी जाऊन व्यायाम घ्यायचे असोत, पेशंटच्या फॉर्मवर 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. अक्षर कितीही बारीक काढलं तरी त्यात दोन ओळींच्या वर मावत नाही. एवढी वर्षं माझं त्यात भागलं. आज भागलं नाही, म्हणून कपाटातली कोरी वही काढली. कोणाला दाखवायची नाही, त्यामुळे शुद्धलेखनाची चिंता नाही.

आजपासून नवीन पेशंट. वय सदुसष्ट, उजवा गुडघा बदललेला, ऑपरेशन होऊन नऊ दिवस. सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. घर दुसऱ्या मजल्यावर, दुकान समोरच्या फुटपाथवर; खिडकीतून त्याचं बंद शटर दिसतं. मी त्यांना काका म्हणते. ते मला डॉक्टरीणबाई म्हणतात. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, असं सांगितलं. "चालेल की," म्हणाले, "मला पण गिऱ्हाइकं इंजिनीअर म्हणतात."

हसायला हवं होतं. हसले बहुतेक.

गुडघा पासष्ट अंश वाकतो, म्हणजे कमीच. जखम कोरडी आहे. नेहमीसारखं समजावलं. दुखण्याला दहापैकी मार्क द्यायचे. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. मी गुडघा दाबत जाईन, तुम्ही आकडा सांगत राहायचा. पाच म्हणालात की मी थांबेन.

पूर्वी मी पाचला थांबत नसे. पूर्वी पाचला माझी सुरुवात व्हायची.

निघताना काकू माझ्यामागून जिन्यात आल्या. दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ताई, एक विचारू? गुडघा वाकला नाही तर पुन्हा भूल देतात म्हणे?" खरं आहे. सहा आठवड्यांत नव्वद अंश झाले नाहीत तर मोठे डॉक्टर पेशंटला पुन्हा झोपवतात आणि जोर लावून गुडघा वाकवतात. तसं सांगितलं. काकूंनी कठडा धरला. "मागच्या भुलीनंतर दोन दिवस ह्यांनी मला ओळखलं नाही. सिस्टरला म्हणाले, ह्या बाईला बाहेर काढा. पुन्हा नको हो ताई. दुसऱ्यांदा नाहीच ओळखलं तर मी काय करू?"

मी म्हणाले, तशी वेळ येणार नाही. सवयीने म्हणाले.

८ जानेवारी, शुक्रवार

सत्तर अंश. पलंगावर टाच मागे सरकवणं दहा वेळा, मांडी आवळून धरणं दहा वेळा, मग खुर्चीत बसवून मी हाताने दाबते. दोन मिनिटांत "पाच" म्हणाले. थांबले. बर्फ लावला आणि निघाले.

जेवताना आई म्हणाली, "भाजीत मीठ नाही आज." मी दोनदा वाढून घेतली होती. "चव गेली का तुझी?" "नाही गं." "मग लक्ष गेलं असेल. कुठे गेलंय ते शोध आणि आण परत." आईला अशी वाक्यं सुचतात. मी ताट उचललं.

११ जानेवारी, सोमवार

हेडबाईंचं कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणून लिहिते.

निवृत्त मुख्याध्यापिका, वय एकाहत्तर. मागच्या सप्टेंबरात गुडघा बदलला. तेव्हा मी वॉर्डात होते. चौदाव्या दिवशी त्यांचा गुडघा पंच्याण्णव अंश वाकत होता, म्हणजे उत्तम. मला शंभर हवे होते. महिन्याच्या शेवटी आमच्या खोलीतल्या फळ्यावर सगळ्यांच्या पेशंटचे आकडे लागतात, माझे नेहमी वर असतात. मी दाबलं, त्या "तीन" म्हणाल्या. आणखी दाबलं. "तीनच," म्हणाल्या. मी आणखी दाबलं आणि जखमेचं खालचं टोक उघडलं. रक्त फार नव्हतं. पण जंतू आत गेले आणि पाच आठवड्यांनी तो नवा गुडघा काढून टाकावा लागला. आता त्या जागी सिमेंटचा ठोकळा बसवलाय. पाय वाकत नाही. पुढचं ऑपरेशन कधी, ते कोणी सांगत नाही.

चौकशी झाली. सात मिनिटं चालली. कागदावर 'अपेक्षित गुंतागुंत' असं लिहिलं. मोठे डॉक्टर म्हणाले, "होतं असं. मनावर घेऊ नकोस." मॅनेजरने चहा मागवला. वॉर्डातून काढून मला घरोघरच्या फेऱ्यांवर टाकलं, तेही "तुलाच जरा मोकळं वाटेल" असं म्हणून. मी मनावर घेतलं नाही. तेव्हापासून काहीच मनावर घेता येत नाही.

काका: पंचाहत्तर अंश. पाच म्हणाले, थांबले.

१५ जानेवारी, शुक्रवार

ऐंशी.

काका पलंगावर पडल्या पडल्या चाक कसं सरळ करतात ते सांगत होते. स्पोक आवळायचा तो पाव फेरा. जास्त आवळला की रिम वाकते, सैल सोडला की चाक डुगडुगतं. "आणि किती आवळायचा हे कशावरून कळतं?" मी विचारलं, कारण काहीतरी विचारायचं असतं. "टिचकी मारायची. आवाज येतो की. तुमच्याकडे आहे का टिचकी?" माझ्याकडे कोनमापक आहे, प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, मध्ये खिळा. खिळा गुडघ्याच्या बाजूच्या हाडावर ठेवायचा, एक पट्टी मांडीवर, एक पोटरीवर. सुजेमुळे ते हाड नीट हाताला लागत नाही, म्हणून मी अंदाजाने ठेवते. शिवाय काका खुर्चीत उजवी बाजू जरा उचलून बसतात. सवय असेल.

पाच लवकर येतंय हल्ली. बरंच आहे. जखमेवर ताण नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

पंच्याऐंशी.

उजव्या हाताच्या बोटावर फोड आलाय. आईने दाखवला तेव्हा दिसला. शेकायच्या पिशवीत गरम पाणी भरताना भाजलं असणार. तिने मलम लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "दुखत नाही?" "नाही फारसं." "माझं मेलीचं बघूनच दुखतंय," म्हणाली.

२२ जानेवारी, शुक्रवार

अठ्ठ्याऐंशी. काकू म्हणाल्या, शेजारच्या आजींचा गुडघा झाला तेव्हा त्यांच्या ओरडण्याने सगळा मजला गोळा व्हायचा. "तुमचा हात किती हलका हो ताई. ह्यांच्या तोंडून हूं की चूं नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

२५ जानेवारी, सोमवार

ब्याण्णव. फॉर्मवर लिहिलं. काकूंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेनाने ब्याण्णव लिहून भोवती गोल काढला. नव्वदची चिंता गेली म्हणाल्या. परवा मोठ्या डॉक्टरांची तपासणी आहे, ती आता नुसती नावापुरती.

मला आनंद व्हायला हवा.

२७ जानेवारी, बुधवार

अठ्ठ्याहत्तर.

मोठ्या डॉक्टरांनी काकांना टेबलावर उताणं झोपवलं, कमरेखाली हात घालून पाठ टेकलीय ना बघितलं, मग गुडघा वाकवला आणि कोन मोजला. परत मोजला. फॉर्म उचलला. "हे ब्याण्णव कोणी लिहिलं?"

"मी."

ते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलतील. चष्मा काढून पुसला. "होतं असं," म्हणाले. "दोन आठवडे देतो. दहा तारखेला नव्वद दाखवा. नाहीतर भूल देऊन वाकवू, त्यात काय."

काकू खुर्चीवर पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ताई, ब्याण्णवचे अठ्ठ्याहत्तर कसे झाले? माझं काही चुकलं का? रविवारी पाहुणे आले तेव्हा दुपारचा बर्फ राहिला होता. त्याने आखडला का?"

मी म्हणाले, "होतं कधी कधी."

रिक्षा येईपर्यंत त्या बर्फाचंच बोलत होत्या. मी ऐकत होते.

२८ जानेवारी, गुरुवार

काकांना पलंगावर सपाट झोपवलं. सूज उतरलेली आहे, बाजूचं हाड बोटाला लगेच लागलं. कधीपासून लागत असेल. मोजलं, सत्त्याहत्तर. मग खुर्चीत बसवलं आणि मागून बघितलं. दाबलं की काकांची उजवी कंबर चार बोटं उचलली जाते. कंबर उचलली की पाय मागे जातो आणि गुडघा जास्त वाकल्यासारखा दिसतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवतात हे. मी तीन आठवडे समोर बसून मोजत होते.

काकू भाजी आणायला गेल्या होत्या. काका म्हणाले, "एक सांगू? रागावू नका. तुम्ही पाचला थांबता हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं."

"मग?"

"मग पाच म्हणत गेलो."

"खरे किती असायचे?"

"दोन. कधी तीन."

मी विचारलं, असं का केलंत. ते पायावरची चादर सारखी करत होते. "तुमचे हात थंडगार पडायचे हो. गुडघ्याला हात लावला की श्वास धरायच्या तुम्ही. म्हटलं, पोर घाबरते, कशाला ताणायचं. तुम्ही पण सुटायच्या, मी पण सुटायचो. दुखणं कोणाला हवंय?" दाराकडे बघून म्हणाले, "हिला सांगू नका."

मी घाबरत होते हे मला माहीत नव्हतं. मी स्वतःला काळजी घेणारी समजत होते.

३० जानेवारी, शनिवार

हेडबाईंकडे गेले. चार महिन्यांत पहिल्यांदा. का गेले सांगता येत नाही. दुसऱ्या पेशंटच्या घरून परतताना त्यांच्या गल्लीत वळले, एवढंच.

दार त्यांनीच उघडलं, वॉकर घेऊन. उजवा पाय पुढे सरळ ठेवूनच बसावं लागतं, त्यासाठी समोर एक स्टूल आहे, त्यावर उशी. खोली लहान आहे, पाय आडवा आला की कपाटाचं दार उघडत नाही. त्यांनी मलाच बसा म्हटलं, पाणी घ्या म्हटलं. म्हणाल्या, "मला वाटलंच होतं तुम्ही याल. उशीर झाला एवढंच."

मग त्यांनीच माफी मागितली. माझी! "मी तीन म्हणत होते. खरं तर आठ होतं, नऊ असेल. छत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, रडायचं नाही, आणि स्वतः रडायचं? जमलं नाही. खोटं मी बोलले, नुकसान तुमच्या नोकरीचं झालं." त्यांनी स्टुलावरची उशी सारखी केली. "माझ्या तोंडाकडे बघितलं असतंत तर कळलं असतं तुम्हाला. पण तुम्ही घड्याळाकडे बघत होतात. तुम्हाला पुढचा पेशंट असेल."

हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. साधं जसं होतं तसं सांगितलं.

पाणी पिऊन निघाले. जिना उतरताना स्वतःला विचारलं, काय वाटतंय? काहीच नाही. हे बरोबर नाही एवढं कळतंय, पण ते दुसऱ्या कोणाबद्दल कळावं तसं.

१ फेब्रुवारी, सोमवार

आज घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं. काकांना सांगितलं, आता आकडे बंद. मी तुमच्या तोंडाकडे बघेन आणि हाताने बघेन. सपाट झोपायचं, कंबर उचलायची नाही, उचललीत तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणार. वाकवून वीस सेकंद धरायचं, सोडायचं, परत. असं दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा मी येणार. दुसऱ्या दिवशी सकाळी टेपने गुडघ्याचा घेर मोजायचा. घेर वाढला नसेल तर आदल्या दिवशीचा जोर बरोबर होता, वाढला असेल तर जास्त झाला. जखमेकडे प्रत्येक वेळी बघायचं.

"म्हणजे टिचकी," काका म्हणाले.

तिसऱ्या खेपेला काका ओरडले. खरं ओरडले. माझे हात आपोआप सुटले. त्यांनी मान उचलून बघितलं, "सोडलंत का?" मी परत धरलं. जखम बंद होती, ताणाने पांढरी पडली नव्हती. आत अडत होतं ते चामड्यासारखं, चिवट, हळूहळू हटणारं. हाडावर हाड आपटल्यासारखं नव्हतं. हा फरक हाताला कळतो. मला वाटलं होतं, माझ्या हाताला आता कळत नाही.

स्वयंपाकघरात काकूंनी नळ सोडला. ओरडणं ऐकू येऊ नये म्हणून. आम्ही थांबलो की नळ थांबायचा.

ऐंशी.

३ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी घेर दीड सेंटिमीटरने वाढलेला. म्हणजे काल जास्त झालं. वाटलं, फोन करून कोणाला तरी बदली पाठवा म्हणावं. फोन काढलाही होता. मग नियम आपणच केलाय हे आठवलं. जास्त झालं तर कमी करायचं, बंद नाही करायचं. आज फक्त सहा वेळा, पंधरा सेकंद, बर्फ दुप्पट.

काकू बर्फाची पिशवी मिनिटं मोजून लावतात. उशीर झाला की स्वतःलाच बोलतात.

ब्याऐंशी.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

घेर उतरला. पंच्याऐंशी. काकांनी मला तोंडाला येईल ते म्हटलं. त्यातले दोन शब्द मी आजपर्यंत ऐकले नव्हते, बहुधा दुकानातले आहेत. झाल्यावर म्हणाले, "मनात काही धरू नका, तोंडातून निसटतं." म्हटलं, निसटू द्या. मग घाम पुसत विचारलं, "खरंच वाकेल ना हो? मला काय, मी पुन्हा झोपलो तर झोपलो. ही मात्र मोडून पडेल."

मी म्हणाले, माहीत नाही. सवयीचं उत्तर आलं नाही तोंडात.

घरी आल्यावर आईने विचारलं, "आज कोण ओरडलं तुझ्यावर?" कसं कळलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "जेवलीस नीट."

८ फेब्रुवारी, सोमवार

अठ्ठ्याऐंशी. काल पण अठ्ठ्याऐंशीच होते. सकाळी अठ्ठ्याऐंशी, संध्याकाळी अठ्ठ्याऐंशी. सपाट झोपवून, हाड बोटाने शोधून, तीनदा मोजून. दोन अंश म्हणजे डोळ्याला दिसतही नाहीत. खिळा जरा वर धरला असता तर आज नव्वद झाले असते. पण परवा मोठे डॉक्टर स्वतः मोजणार आहेत.

काकूंनी कॅलेंडरवरचं ब्याण्णव खोडलंय. इतकं खोडलंय की कागद फाटला.

१० फेब्रुवारी, बुधवार

सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी लवकर जाऊन काकांचा गुडघा शेकून हलका ताणला. मग दवाखान्यात. टेबल, उताणे, कमरेखाली हात. काका छताकडे बघत होते आणि मी त्यांच्या तोंडाकडे. मोठ्या डॉक्टरांनी वाकवलं. अडलं. काका म्हणाले, "थांबू नका." त्यांनी जरा दाबून ठेवलं, पट्ट्या लावल्या. एक्क्याण्णव. परत मोजले. एक्क्याण्णव. "घरी जा," म्हणाले. "भूल नको."

काकूंनी तिथेच काकांना विचारलं, "मी कोण?" काका म्हणाले, "अगं, मला झोपवलंय कुठे अजून!" नर्स हसली. काकू हसल्या नाहीत.

घरी पोचलो. काकांना पलंगावर बसवलं. काकूंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, "ताई, तुम्ही नसतात तर काय झालं असतं? मध्ये माझ्या हातून हयगय झाली, त्या रविवारचा बर्फ राहिला, त्याने एवढं मागे गेलं. ह्यांना दहा दिवस ओरडावं लागलं ते माझ्यामुळे. तुम्ही सावरून घेतलंत."

काका माझ्याकडे बघून मान हलवत होते. नको, नको.

गप्प बसणं सोपं होतं. गुडघा वाकला होता. कोणाचं काही बिघडणार नव्हतं. काकूंनी जन्मभर बर्फाला दोष दिला असता, एवढंच.

मी सांगितलं. बर्फाचा काही संबंध नाही. ब्याण्णव कधी झालेच नव्हते. मी तीन आठवडे चुकीचं मोजत होते. मला दाबायची भीती वाटत होती, कारण आधीच्या एका पेशंटचा गुडघा माझ्या हाताने गेला. म्हणून मी लवकर थांबत होते आणि आकडा चांगला यावा असं मोजत होते. पहिल्यापासून नीट केलं असतं तर हे पंधरा दिवस आले नसते. पुन्हा भूल द्यायची वेळ आली होती ती माझ्यामुळे.

काकूंनी हात सोडले.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"चुकलंय हे सत्तावीस तारखेला. कसं ते दुसऱ्या दिवशी."

"आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात? होतं कधी कधी. असंच म्हणालात ना?"

"हो."

"का?"

"घाबरले."

"घाबरलात!" एवढा मोठा आवाज त्या घरात मी काकांचा सोडून ऐकला नव्हता. "तुम्ही घाबरलात! आणि मी? रोज सकाळी ह्यांनी डोळे उघडले की आधी मी विचारत होते, मी कोण ते सांगा. रोज! एक दिवस उत्तर यायला उशीर झाला तर मी तिथेच खाली बसले. नळ सोडून उभी राहत होते मी, माझ्यामुळे माणूस ओरडतोय म्हणून. आणि तुम्ही रोज येऊन माझ्याकडचं पाणी पीत होतात!"

काका म्हणाले, "अगं, ऐक. मीच पाच पाच म्हणत—"

"तुम्ही गप्प बसा. तुमच्याकडे मी नंतर बघते. दोघांनी मिळून मला वेड्यात काढलं." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या हाताने दुसऱ्या कोणाचा गुडघा गेला, त्यांच्या घरच्यांना तरी सांगितलंत का खरं? का तिथेही होतं कधी कधी? उठा. जा माझ्या घरातून."

मी पर्स घेतली. दार माझ्या मागे आपटलं.

एक मजला उतरले आणि पायरीवर बसले. आधी वाटलं पाय दुखतायत. मग रडायला आलं. हेडबाईंचा स्टुलावरचा पाय डोळ्यांसमोर आला, आणि त्यांचं ते न उघडणारं कपाट. शंभर हवे होते मला. फळ्यावर लिहायला हवे होते. एका बाईला मी आयुष्यभरासाठी अधू केलं असेल आणि मी त्यांच्याकडे पाणी पिऊन आले. तोंडावर ओढणी दाबून धरली, तरी आवाज येत होता. वरच्या घरात काकूंचा आवाज चालूच होता, आता काकांची पाळी होती.

किती वेळ बसले माहीत नाही. घड्याळ पर्समध्येच आहे. एक बाई पिशवी घेऊन वर जात होत्या, त्यांनी विचारलं, "पडलात का?" मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग सरका जरा." मी सरकले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, हेडबाईंपासून. तिला सप्टेंबरचं काहीच माहीत नव्हतं. शेवटी म्हणाली, "त्या काकूंचं बरोबर आहे." मी म्हटलं, हो.

शनिवारी हेडबाईंकडे जायचंय. तीन खोटं होतं हे त्यांनी सांगितलं, शंभर कशासाठी हवे होते हे मी सांगितलेलं नाही.

आणि उद्या दहा वाजता काकांचा व्यायाम आहे. एक्क्याण्णव झाले म्हणून सोडून चालत नाही, चार दिवस हात लागला नाही तर गुडघा परत आवळतो. मी जाणार आहे. काकूंनी दार नाही उघडलं तर जिन्यात थांबेन.